चाकणची नोकरी सांभाळून पार्ट टाइम एमबीए: करावं का, आणि करायचं तर कुठलं

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, बीई मेकॅनिकल, चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर, बारा वर्षं नोकरी झाली, एजीएमची (असिस्टंट जनरल मॅनेजर) पोस्ट एमबीए असलेल्या सहकाऱ्याला गेली. कंपनी अर्धी फी द्यायला तयार आहे पण तीन वर्षांचा बाँड मागतेय. बायको बँकेत, मुलगी चौथीत. समोर तीन पर्याय, पुण्यातला शनिवार-रविवारचा क्लासरूम एमबीए, एका आयआयएमचा दोन वर्षांचा ऑनलाइन, आणि एका अॅप कंपनीचा अकरा महिन्यांचा, ज्याच्या शेवटी आयआयएमचं सर्टिफिकेट मिळतं. करू का, कुठला करू, आणि उशीर झालाय का?

मी ऑटो अॅन्सिलरीमध्येच फायनान्सला आयुष्य काढलंय, आणि बरीच वर्षं मुंबई-पुण्यातल्या पार्ट टाइम बॅचेसना मॅनेजमेंट अकाउंटिंग शिकवतेय, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हे पाहिलंय, कंपनीच्या बाजूने स्पॉन्सरशिपच्या फाइलवर सही करणारी म्हणून पण आणि वर्गात दमलेल्या लोकांपुढे उभी राहणारी म्हणून पण.

उशिराचं आधी संपवते. नाही झालेला. शिकागो युनिव्हर्सिटीने १९४३ मध्ये एक्झिक्युटिव्ह एमबीए सुरू केला तोच मुळी नोकरीत मुरलेल्या लोकांसाठी होता, आणि आपल्याकडच्या बॅचमध्ये पस्तीस ते चाळीसचे लोक सगळ्यात जास्त शिकून जातात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांच्याकडे विचारायला खरे प्रश्न असतात. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरं हुशार असतात, पटापट उत्तरं देतात, पण त्यांना अजून कोणी बजेटवरून झापलेलं नसतं.

आता प्रमोशन. तुमचं घोडं इथे पेंड खातंय असं मला वाटतं. ती पोस्ट त्याला एमबीएमुळेच मिळाली हे तुम्हाला कोणी सांगितलं? की तुम्ही गृहीत धरलंत? मी अशा प्रमोशन कमिट्यांमध्ये बसलेय. शिक्षण हा शीटवरचा एक कॉलम असतो, त्यावर बोलणं होतं अर्धा मिनिट. वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीवर, की ह्याला कस्टमरच्या कॉस्टिंग मीटिंगला एकट्याला पाठवलं तर चालेल का, कॅपेक्सचं, म्हणजे नवीन मशिनरीवरच्या खर्चाचं, प्रपोजल हा स्वतः मांडू शकेल का की फायनान्सवाला बरोबर लागेल, परचेस आणि क्वालिटी दोघांशी भांडण न करता काम काढून घेईल का. प्रॉडक्शनचा माणूस शेडमध्ये वाघ असतो आणि कॉन्फरन्स रूममध्ये गप्प बसतो, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. त्या सहकाऱ्याने एमबीए केलं म्हणून त्याला बोलता यायला लागलं की आधीपासून येत होतं, देव जाणे. पण तुमच्या प्लांट हेडला सरळ जाऊन विचारा, चहाला नाही, वेळ मागून, की साहेब माझ्यात नेमकं काय कमी पडलं. उत्तर जर "पीपल स्किल" किंवा "तुझा टर्न पुढच्या वेळी" असं गुळमुळीत आलं तर समजा की पदवी आणली तरी तिथे फरक पडणार नाही. उत्तर जर "तुला नंबर कळत नाहीत" असं आलं तर आनंद माना, ते शिकता येतं.

माझं म्हणणं एकच आहे आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं. पार्ट टाइम एमबीएची अर्धी किंमत वर्गात वसूल होते आणि अर्धी सोमवारी कामावर. शनिवारी शिकलेलं सोमवारी वापरून बघायला जागा असेल, म्हणजे कोणी तुम्हाला आकडे दाखवतंय, एखादा प्रोजेक्ट हातात देतंय, मीटिंगला बसू देतंय, तर साध्या युनिव्हर्सिटीचा कोर्ससुद्धा तुम्हाला कुठल्या कुठे नेईल. आणि अशी जागा नसेल तर तीस लाखांचा कोर्स करूनही हातात राहतो तो काळ्या गाऊनमधला फोटो.

एक उदाहरण देते म्हणजे कळेल. एका बॅचमध्ये प्रेस शॉपच्या कंपनीतला परचेसचा माणूस होता, नाव सांगत नाही. स्टील कॉइल महिन्याला साधारण एक कोटीची लागायची, ६० दिवसांचं क्रेडिट. सप्लायर म्हणाला तीन महिन्यांचा माल एकदम उचला आणि रोख द्या, २ टक्के सूट देतो. म्हणजे तीन कोटींवर सहा लाख. हा खूश, वर्षानुवर्षं हेच करत होता, अप्रेझलमध्ये 'कॉस्ट सेव्हिंग' म्हणून लिहीत पण होता. वर्किंग कॅपिटलच्या, म्हणजे रोजच्या धंद्यात अडकलेल्या पैशाच्या, लेक्चरला मी फळ्यावर एवढंच मांडायला लावलं की पैसे एरवी कधी गेले असते आणि आता कधी गेले. पहिल्या महिन्याच्या मालाचा एक कोटी एरवी दोन महिन्यांनी जाणार होता, दुसऱ्याचा तीन महिन्यांनी, तिसऱ्याचा चार महिन्यांनी. आता तिन्ही पहिल्याच दिवशी गेले. दोन अधिक तीन अधिक चार, म्हणजे एक कोटी नऊ महिने वापरल्यासारखं झालं. कंपनीच्या सीसीचं, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिटचं, व्याज ११ टक्के धरा, आठ लाखांच्या वर गेलं. सहा लाख वाचवायला आठ लाख घालवले, आणि पावसाळ्यात कॉइलला गंज चढला, जागा अडली, क्रेनचे फेरे वाढले ते वेगळंच. वर्गात तो दोन मिनिटं काही बोलला नाही, मग म्हणाला मॅडम, हे मला कंपनीत कोणीच का नाही सांगितलं. कारण परचेसला व्याजाचा आकडा दिसत नाही आणि फायनान्सला सप्लायरचं बोलणं ऐकू येत नाही. त्याने पुढच्या आठवड्यात जाऊन सप्लायरकडून वेगळी डील काढली, तिमाहीची क्वांटिटी पक्की पण माल महिन्याला आणि क्रेडिट पहिल्यासारखंच, सूट थोडी कमी. त्याच्या साहेबाने त्याला बोलू दिलं हे महत्त्वाचं, नाहीतर ही अक्कल वहीतच राहिली असती.

मग साहेब असा असावा लागतो. अॅडमिशनच्या आधी त्याच्याशी बोलून घ्या आणि नुसती परवानगी मागू नका, एक काम मागा. बजेटच्या वेळी प्लांटच्या कन्व्हर्जन कॉस्टचं (कच्च्या मालाचा पक्का माल करायचा खर्च) शीट मला बनवू द्या, असं काहीतरी. फुकट करतोय म्हटल्यावर नाही म्हणणारा साहेब विरळा.

आता पर्यायांकडे. ह्यात लोकांचा फार गोंधळ होतो कारण सगळ्यालाच 'एक्झिक्युटिव्ह एमबीए' म्हणायची पद्धत पडलीये.

एक प्रकार नोकरी सोडून करायचा, वर्षभर फुल टाइम, आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स वगैरे. तो तुमच्यासाठी नाही, चौथीतली मुलगी आणि घराचे हप्ते असताना तर नाहीच, म्हणून पुढे जाते.

दुसरा, संध्याकाळचा किंवा वीकेंडचा, वर्गात बसून. मुंबईत ह्याची परंपरा जुनी आहे. १९६५ मध्ये सुरू झालेली जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट, चर्चगेटला सिडनहॅमच्या शेजारी, तिथले मुंबई युनिव्हर्सिटीचे तीन वर्षांचे पार्ट टाइम कोर्स, मार्केटिंगचा एमएमएम, फायनान्सचा एमएफएम, एचआरचा एमएचआरडीएम, ह्यांनी मुंबईतल्या किती मॅनेजरांना वर काढलंय त्याला गणती नाही. फी युनिव्हर्सिटीची, म्हणजे खासगीच्या मानाने किरकोळ. पार्ल्याचं एनएमआयएमएस, माटुंग्याचं वेलिंगकर, ह्यांचेही पार्ट टाइमवाले खूप भेटतात. मुंबईत हे चालतं कारण लोकल आहे, ऑफिस फोर्टात किंवा बीकेसीत, साडेसहाला वर्गात, नऊनंतर फास्ट पकडली की ठाणं-बोरिवली. दमणूक होते, पण वेळेचा अंदाज असतो. पुण्यात संध्याकाळचं विसरा. चाकणहून साडेपाचला निघून नाशिक रोडच्या ट्रॅफिकमधून शहरात सात वाजेपर्यंत पोचण्याची खात्री कोणी द्यावी? म्हणून पुण्यात वीकेंड. सिंबायोसिसच्या इन्स्टिट्यूट आहेत, पुणे युनिव्हर्सिटीचं पुम्बा आहे, आयआयएम नागपूरने पण पुण्यात नोकरदारांसाठी कोर्स आणलेत.

आणि इथे एक गोची आहे जी तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीये पण मला पक्की शंका आहे. तुमचा वीकली ऑफ कधी असतो? चाकण, भोसरी, पिंपरीच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. वीकेंडचे कोर्स आखलेत हिंजवडीच्या आयटीवाल्यांचा शनिवार-रविवार धरून. प्लांटवाल्याचा शनिवार म्हणजे डिस्पॅचचा दिवस आणि महिन्याचा शेवटचा शनिवार-रविवार तर विचारूच नका. ७५ टक्के हजेरीची अट बहुतेक ठिकाणी असते आणि ती पाळली जाते. माझ्या वर्गातून जे लोक मध्येच गळाले त्यात अभ्यास जमला नाही म्हणून गळालेले थोडे, शनिवार मिळाला नाही म्हणून गळालेले जास्त. तेव्हा शनिवार-रविवार ऑफ आणि गुरुवारी काम, हे एचआरकडून लेखी घ्या. तोंडी "बघू, अॅडजस्ट करू" म्हणजे मार्च एंडला फोन येणार, की आजच्या दिवस ये.

तिसरा प्रकार मॉड्यूलर, म्हणजे महिन्यातून किंवा दीड महिन्यातून चार-पाच दिवस सलग जायचं, राहायचं, शिकायचं आणि परत यायचं. अंधेरीच्या एसपी जैनचा पीजीईएमपी हा ह्यातला जुना आणि नावाजलेला. प्लांटवाल्यांना हा खरंतर सगळ्यात सोयीचा पडतो, कारण चार दिवसांची रजा आधी ठरवून काढता येते, दर शनिवार मात्र कोणी देत नाही. तुमच्या यादीत हा नाहीये, तो घाला असं मी म्हणेन. आणि तुम्ही ऑपरेशन्सचे आहात तर पवईच्या आयआयएम मुंबईकडे पण नजर टाका, म्हणजे आपलं जुनं नायटी, १९६३ पासूनचं, २०२३ मध्ये आयआयएम झालं, सप्लाय चेन आणि ऑपरेशन्समध्ये त्यांचा दबदबा पहिल्यापासून आहे.

चौथा, ऑनलाइन पदवी. ह्याच्याकडे नाक मुरडायचे दिवस गेले. आयआयएम कोझिकोड कितीतरी वर्षं लाइव्ह क्लास घेऊन नोकरदारांना शिकवतंय, अहमदाबादने २०१७ मध्ये दोन वर्षांचा ईपीजीपी काढला. यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. खासगी आणि डीम्ड युनिव्हर्सिट्यांचे ऑनलाइन एमबीए मात्र तपासून घ्या, यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर त्या युनिव्हर्सिटीचं नाव, तो कोर्स आणि ते वर्ष, तिन्ही दिसले पाहिजेत. एक वर्ष मान्यता आहे आणि पुढच्या वर्षी नाही असं होतं. आयआयएमचा लाइव्ह ऑनलाइन वर्ग आणि रेकॉर्डेड व्हिडिओ बघून एमसीक्यू सोडवायचा ऑनलाइन एमबीए, ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, नाव एकच असलं तरी. लाइव्ह असेल, कॅमेरा चालू ठेवायला लावत असतील, प्राध्यापक नाव घेऊन प्रश्न विचारत असेल, तर पैसे द्या.

पाचवा, तो अकरा महिन्यांचा. सर्टिफिकेट आहे, पदवी नाही, आणि हे त्यांच्या ब्रोशरमध्ये शोधलं तर बारीक अक्षरात सापडतं. त्यातून काही शिकायला मिळत नाही असं मी म्हणणार नाही, एखादा विषय धरून केलेला चार-सहा महिन्यांचा कोर्स चांगला असतो, पण 'एमबीए' ह्या कॉलमपुढे तो चालत नाही. उद्या सरकारी कंपनीत अर्ज केलात, किंवा पन्नाशीनंतर कॉलेजात शिकवावंसं वाटलं (प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला साधारण ५५ टक्क्यांची मास्टर्स लागते), तर हे सर्टिफिकेट कामाचं नाही. शिवाय ह्यांच्या फीवर बहुधा १८ टक्के जीएसटी वर लागतो, तो फोनवरचा काउन्सेलर शेवटी सांगतो. २०२४ मध्ये तर 'दहा दिवसांत एमबीए' विकणारे निघाले होते, यूजीसीला जाहीर सूचना काढावी लागली. बाजारात काय काय विकलं जातं!

पदवी की डिप्लोमा ह्यावरून पण लोक उगाच झोप उडवून घेतात. एमबीए ही पदवी युनिव्हर्सिटी देते. स्वतंत्र इन्स्टिट्यूट पीजीडीएम हा डिप्लोमा देतात, त्याला तंत्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एआयसीटीईची, मान्यता बघायची. आयआयएमसुद्धा अनेक वर्षं डिप्लोमाच द्यायच्या, आयआयएमचा कायदा २०१८ च्या जानेवारीत लागू झाला तेव्हा त्यांना पदवी द्यायचा अधिकार मिळाला. खासगी नोकरीत ह्या फरकाने काडीचा फरक पडत नाही. सरकारी नोकरी, पीएचडी, परदेशात कागद तपासून घेणं, असं काही डोक्यात असेल तरच बघा.

पैशांचं. युनिव्हर्सिटीच्या पार्ट टाइमला काही लाखांत काम होतं, नावाजलेल्या खासगी ठिकाणी दहा लाखांच्या आसपास किंवा वर, आयआयएमच्या पदव्या त्याहून वर आणि सगळ्यात वरचे कोर्स तीस लाखांच्याही पुढे. समजा तुम्ही १२ लाखांचं लोन घेतलंत, ११ टक्के, पाच वर्षं, तर हप्ता महिन्याला २६ हजारांच्या थोडा वर बसतो आणि व्याज साडेतीन लाखांच्या वर जातं. जुन्या करप्रणालीत असाल तर शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज आठ वर्षं वजा करता येतं, ८०-ई, रकमेला मर्यादा नाही, पण फक्त व्याज, मुद्दल नाही, आणि कर्ज बँकेचं किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या संस्थेचं पाहिजे. अॅपवाल्यांचा जो 'नो कॉस्ट ईएमआय' असतो तो कुठल्यातरी एनबीएफसीचा (बँक नसलेली फायनान्स कंपनी) असतो, त्यावर ही सवलत मिळेलच असं नाही, विचारून घ्या. नवीन करप्रणालीत हा विषयच नाही.

कंपनीचे अर्धे पैसे घ्यावेत का? मी कंपनीच्या बाजूने असे करार केलेत म्हणून सांगते, वाचून सही करा. तीन वर्षं कधीपासून मोजणार, अॅडमिशनपासून की कोर्स संपल्यापासून? दोन वर्षांचा कोर्स आणि नंतर तीन वर्षं, म्हणजे पाच वर्षं तुम्ही बांधलेले. मध्येच सोडलं तर पूर्ण रक्कम परत द्यायची की जितका काळ उरला त्या प्रमाणात? प्रमाणात हवी, आणि बहुतेक एचआर मागितलं तर देतात, मागत कोणी नाही एवढंच. कंपनीनेच काढून टाकलं किंवा प्लांट हलवला तर बाँड संपला पाहिजे, हे पण लिहून घ्या. "बाँड कोर्टात टिकत नाही" असं कँटीनमध्ये ठामपणे सांगणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवलीये. वाजवी अट टिकते.

तरीही घ्या, असंच माझं मत आहे. पैशांपेक्षा दुसऱ्या कारणासाठी. कंपनीने पैसे टाकले की साहेबाला तुमचा शनिवार नाकारताना अवघड जातं, आणि प्रोजेक्टसाठी डेटा मागितला तर "कशाला हवाय" विचारत नाहीत. स्वतःच्या खिशातून गुपचूप करणारे लोक पाहिलेत मी, सबमिशनच्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून सुट्टी घेणारे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. फक्त एक, तुम्हाला आतून कंपनी सोडायचीच असेल, एजीएमचा राग डोक्यात असेल, तर मात्र कंपनीचा पैसा घेऊ नका. वर्षभर थांबा, राग उतरतोय का बघा.

घरचं तुम्ही एका ओळीत उरकलंत, बायको बँकेत, मुलगी चौथीत. आठवड्याला वर्गाचे दहा-बारा तास आणि वर अभ्यासाचे सहा-आठ तास हा माझ्या डोळ्यापुढचा हिशोब आहे, हे तास घरातूनच येणार, कंपनी देणार नाही. तुमच्या मिसेसचा पण मार्च एंड असतो, बँकेचा तर तुमच्याहून कडक, आणि सेमिस्टरची परीक्षा नेमकी कुठे पडते ते आधी कॅलेंडरवर मांडा. ज्यांच्या घरी सासू-सासरे किंवा आई-वडील आहेत त्यांचं निभतं. नसतील तर शनिवारी मुलीला क्लासला कोण नेणार ह्यावरून पहिल्या सेमिस्टरमध्येच ठिणग्या उडतात. मी बायकांच्या बाजूने जास्त बोलतेय असं वाटेल, तर वाटू दे. वर्गातल्या ज्या बायका पार्ट टाइम करतात त्या डबा करून येतात, आणि पुरुष डबा घेऊन येतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

आता समजा घेतलीत अॅडमिशन. तुम्हाला ऑपरेशन्सचा पेपर सोपा जाणार, लीन, सिक्स सिग्मा, बॉटलनेक हे तुम्ही जगलायत, तिथे वेळ घालवू नका. फायनान्शियल अकाउंटिंग आणि कॉस्टिंगला घालवा, आणि त्यानंतर मार्केटिंगला, कारण मेकॅनिकलवाल्याला कस्टमर म्हणजे पीपीएम (दहा लाखांत किती पार्ट खराब) आणि डिलिव्हरी शेड्यूल एवढंच माहीत असतं, किंमत कशी ठरते ते नाही. ऑर्गनायझेशनल बिहेव्हियर सगळे हसण्यावारी नेतात, नेऊ नका, प्लांटमध्ये युनियनशी बोलताना तेच उपयोगी पडतं.

ग्रुप असाइनमेंट हा पार्ट टाइमचा सगळ्यात मोठा वैताग. सहा जणांचा ग्रुप, व्हॉट्सअॅपवर सगळे अंगठा दाखवणार, रात्री अकराला एकजण एकटा पीपीटी बनवणार. हल्ली तर एआयकडून लिहून आणतात, आम्हाला पहिल्या पानावर कळतं कारण सगळं छान असतं आणि एकही आकडा कोणाच्या कंपनीचा नसतो. पहिल्याच आठवड्यात ग्रुप निवडायची संधी मिळाली तर आपल्यासारखे प्लांटवाले शोधू नका. एक बँकेचा, एक फार्मा मार्केटिंगचा, एक आयटीचा, असला ग्रुप पकडा. एकदा वर्किंग कॅपिटलच्या केसवर बँकेतल्या एका बाईंनी सांगितलं की तुमच्यासारख्या कंपनीचं स्टॉक स्टेटमेंट आलं की आम्ही आधी कुठला आकडा बघतो, त्या दहा मिनिटांत प्लांटवाल्यांना जे कळलं ते माझ्या तीन लेक्चरमध्ये कळलं नव्हतं. फीचा बराचसा भाग ह्या शेजारच्या खुर्च्यांचा असतो, आणि ऑनलाइनमध्ये नेमकं तेच पातळ होतं. म्हणून शनिवार मिळत असेल तर मी ऑनलाइनपेक्षा वर्गाला झुकतं माप देईन, आयआयएमचं नाव बाजूला ठेवून. शनिवार मिळतच नसेल तर मॉड्यूलर, तेही जमत नसेल तर आयआयएमचा लाइव्ह ऑनलाइन. अॅपवाल्याला नाही म्हणा.

इन्स्टिट्यूट निवडताना रँकिंगपेक्षा दोन गोष्टी विचारा. पार्ट टाइमला तेच प्राध्यापक शिकवतात का जे फुल टाइमला शिकवतात, की सगळे आमच्यासारखे व्हिजिटिंग? व्हिजिटिंग वाईट नसतात, मी स्वतः आहे, पण निम्मे तरी घरचे हवेत. आणि मागच्या बॅचमधल्या मॅन्युफॅक्चरिंगच्या दोन माणसांचे नंबर मागा, इन्स्टिट्यूटने निवडून दिलेल्यांचे नकोत, लिंक्डइनवर स्वतः शोधा. त्यांना प्लेसमेंट विचारू नका, पार्ट टाइमला प्लेसमेंट नसते असंच धरून चाला. कोर्स करून कामावर वेगळं काय केलंत, एवढंच विचारा. सांगता आलं नाही तर समजून जा.

प्रवेश परीक्षेचा बाऊ करू नका, नोकरदारांच्या कोर्सला बऱ्याच ठिकाणी इन्स्टिट्यूटची स्वतःची टेस्ट आणि मुलाखत असते, काही ठिकाणी जीमॅट किंवा कॅट चालते, आणि मुलाखतीत तुमच्या कामाबद्दलच खोदून विचारतात. तिथे एक प्रश्न हमखास येतो, तुमच्या कंपनीचा टर्नओव्हर किती आणि नफा किती, आणि दहातले सात प्रॉडक्शन मॅनेजर इथे गडबडतात. पुढच्या रविवारी बसा, कॉर्पोरेट मंत्रालयाच्या एमसीएच्या साइटवर शंभर रुपये भरून आपल्याच कंपनीचा बॅलन्स शीट उघडा, प्रायव्हेट लिमिटेड असली तरी तो तिथे असतो. इन्व्हेंटरीची नोट काढा, वर्क इन प्रोग्रेसचा आकडा बघा, आणि तो तुमच्या शेडच्या किती दिवसांच्या प्रॉडक्शनइतका आहे ते काढा. ते करताना मजा आली तर फॉर्म भरा. कंटाळा आला तर मला तसं कळवा, मग एमबीए सोडून टेक्निकल लाइनमध्ये वर जायचे जे रस्ते आहेत, प्रोसेस इंजिनिअरिंगचा हेड, न्यू प्रॉडक्ट डेव्हलपमेंट, त्याबद्दल बोलू.